मुरवलेले अर्ज

टीसी मागायला आलेलं पोर खिडकीशी कसं उभं राहतं ते मला पाठ आहे. आधी मागच्या दोघांना पुढं जाऊ देतं. मग हळूच सरकतं आणि विचारतं, "सर, कॉलेज सोडल्याच्या दाखल्याला काय काय लागतं?" एवढं विचारतानाही एकदा मागं वळून बघतं. म्हैसूरबाहेर हूटगळ्ळीच्या पलीकडं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात मला तीस वर्षं झाली. कारकून म्हणून लागलो, आता सुपरिंटेंडेंट आहे, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. एवढ्या वर्षांत इंजिनिअर मी एकही घडवला नाही, पण पळून जाणारे पुष्कळ थोपवले. निदान मी तसं सांगत आलो.

थोपवायची माझी एक रीत होती. अर्ज आला की तो उघडायचाच नाही. टेबलाच्या खालच्या खणात टाकायचा आणि सांगायचं, "तीन दिवसांनी या." ही अक्कल आजोबांची. आमचं घराणं म्हैसूरच्या रंगाऱ्यांचं. आजोबा अग्रहारातल्या घरामागं कापड छापायचे. छापलेलं कापड तीन दिवस घडी घालून ठेवायचे, मगच धुवायला काढायचे. घाई केली की रंग सुटतो, म्हणायचे. पोरांचंही तसंच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. रिझल्ट लागला की डोकं तापतं आणि तापल्या डोक्यानं अर्ज लिहिला जातो, तो जरा मुरू द्यावा. खरंच, निम्मी पोरं तिसऱ्या दिवशी येऊन अर्ज परत मागायची. उरलेल्यांना मी आत बसवायचो, कँटीनमधून कॉफी मागवायचो आणि माझं भाषण सुरू करायचो. एवढ्या लांब पोहून आलास आणि आता काठाजवळ हात सोडतोस? घरच्यांना काय सांगशील? लोक काय म्हणतील ते सोड, तू स्वतःला काय म्हणशील? शेवटच्या प्रश्नाला पोरं बहुतेक रडायची. रडलं की काम झालं.

प्रिन्सिपल मीटिंगमध्ये सांगायचे, राव म्हणजे टीसीवरचं औषध. मी मान खाली घालून हसायचो. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो. मला दुसरा नव्हता.

आता दिव्याखालचा अंधार सांगतो. माझी मुलगी वर्षिणी आमच्याच कॉलेजात. स्टाफच्या कोट्यातून सीट मिळाली तेव्हा मी ऑफिसभर म्हैसूरपाक वाटला होता. पीयूसीला, म्हणजे बारावीला, तिला चांगले मार्क होते. पहिलं सेमिस्टर निघालं, दुसऱ्यात दोन विषय राहिले, तिसऱ्यात तीन, आणि यंदा ऑगस्टअखेर चौथ्याचा रिझल्ट लागला त्यात पाच. मॅथ्स तर तिसऱ्यांदा गेलं. मी रागावलो नाही. मला रागवायचासुद्धा कंटाळा आला होता. "मन लाव," एवढंच म्हणालो. मन कुठं आणि कसं लावायचं, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं.

तसं मला दिसत होतं सगळं. तिच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं असायचं आणि महिनाभर त्यात पेन्सिल एकाच पानावर असायची. अभ्यास सोडून बाकी सगळं ती करायची. कपड्यांच्या घड्या, पाणी भरणं, माझ्या आईच्या काळापासून न हललेली फडताळं पुसणं. श्रीलक्ष्मी, माझी बायको, आधी खूश झाली आणि मग घाबरली. सकाळी कॉलेजच्या बसमध्ये मी पुढं बसायचो, वर्षिणी शेवटच्या सीटवर. कॉलेजात तिनं मला 'अप्पा' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं, हा नियम मीच केला होता. लोकांनी बोट दाखवायला नको म्हणून. बसमधून उतरली की ती लायब्ररीत जायची आणि हातांवर डोकं टेकून झोपायची, हे मला लायब्ररियननं सांगितलं होतं. पोरं मोबाइल बघत जागतात, त्याचं हे फळ, असं म्हणून मी विषय मिटवला.

त्या सोमवारी टपाल घेऊन सुप्रीता आली. सुप्रीता माझ्या हाताखालची क्लार्क, हुशार आणि मितभाषी. आलेला प्रत्येक कागद रजिस्टरला ती चढवते. "सर, टीसीचे पाच आहेत," ती म्हणाली आणि जरा थांबली. रिझल्टनंतर एवढे यायचेच. मी न बघता पाचही पाकिटं खणात टाकली. ती अजून उभीच होती.

"काय?"

"काही नाही सर. यांनाही तीनच दिवस?"

"सगळ्यांना सारखंच," मी म्हणालो.

सुप्रीता माझ्याकडं अशा आदरानं बघून गेली की मला बरं वाटलं. त्या आदराचं कारण चौथ्या दिवशी कळलं.

मंगळवारी संध्याकाळी घरी पोचलो तर गुडघा ठणकत होता. वर्षिणीनं न मागता कॉफी आणून दिली आणि समोर बसून राहिली. माझ्या तोंडाकडं बघत होती. मी पेपर वाचत होतो. दसऱ्याचे हत्ती रोज तालमीला निघतात, त्यानं कुठला रस्ता किती वाजता बंद, ते त्यात होतं.

"अप्पा, ऑफिसात काम फार आहे का?"

"असतंच."

"काही... विशेष?"

"विशेष काय असणार तिथं? तेच ते."

ती उठून आत गेली. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून भांडी लावल्याचे आवाज येत होते. ती भांडी आदल्या दिवशीही तिनंच लावली होती.

बुधवारी जेवताना श्रीलक्ष्मीनं विषय काढला. आमच्या घरी सरळ कुणी काही विचारत नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आमची जुनी चाल.

"अहो," ती म्हणाली, "माणसाला एखादी गोष्ट नकोशी झाली, अगदी साकाप्पा झालं, तर सोडून द्यावी की नको? सुम्ने, उगाच ओढत बसायचं कशाला?"

गेलं वर्षभर ती माझ्या मागं लागली होती, गुडघा असा आहे तर नोकरी सोडा, आधीच रिटायरमेंट घ्या म्हणून. मला वाटलं, आलं परत तेच.

"धरलेलं सोडायचं नसतं," मी सांबारभात कालवत म्हणालो. "दोनच वर्षं उरलीत. ओढून न्यायची, अष्टे, बास."

श्रीलक्ष्मीनं वर्षिणीकडं बघितलं. वर्षिणी पानात बघत होती. "पण नाहीच झेपलं तर?" तिनं विचारलं.

मला तिचं कौतुक वाटलं. पोरीला बापाच्या गुडघ्याची काळजी.

"झेपत नाही असं काही नसतं," मी म्हणालो. "सवय होते. पहिली काही वर्षं जड जातात, मग कळतही नाही. आम्ही नाही केलं?"

वर्षिणीनं ताटातलं सगळं संपवलं, माझंही ताट उचललं आणि आत गेली. श्रीलक्ष्मीनं मला ताक वाढलं नाही. मी मागितलं तेव्हा भांडं माझ्यासमोर ठेवून तीही उठली. मी म्हटलं, आज हिचंही काहीतरी बिनसलंय.

गुरुवारी सकाळी धनुष आला. मला आधी ओळखू आला नाही. जाड झाला होता, उन्हानं रापला होता. बेट्टदपुराचा पोरगा. बऱ्याच वर्षांपूर्वी तिसऱ्या सेमिस्टरनंतर त्यानं टीसीचा अर्ज केला होता आणि तीन दिवस मुरवूनही तो हटला नव्हता, म्हणून मी त्याला कॉफी पाजून तासभर समजावलं होतं. माझ्या भाषणात मी त्याचं उदाहरणही द्यायचो. बघा, बेट्टदपुराचा एक मुलगा असाच निघाला होता, राहिला, आणि एक दिवस डिग्री घेईलच ना! तो आज डिग्रीचं सर्टिफिकेट न्यायला आला होता. चार वर्षांचा कोर्स त्यानं नऊ वर्षांत पुरा केला होता.

मी सुप्रीताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काय धनुष, त्या दिवशी सोडून गेला असतास तर?"

तो कन्नडमध्ये बोलत होता, अगदी आदरानं. "त्या दिवशी सोडून गेलो असतो तर सर, सात-साडेसात वर्षं आधी सुटलो असतो."

मी हसलो. तो हसला नाही, म्हणून मी थांबलो. मग विचारलं, आता काय करतोस. तंबाखू, तो म्हणाला. वडिलांच्या शेतातच, तंबाखू वाळवायची भट्टी आहे ती तो बघतो. दरवर्षी परीक्षेच्या वेळी भट्टी सोडून इथं यावं लागायचं. नापास होऊन परत जायचं आणि परत यायचं. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी विचारलं, अजून शिकतोयस का, तेव्हा काय सांगावं कळलं नाही.

"पण झाली ना डिग्री," मी म्हणालो.

"झाली सर. आईला भिंतीवर लावायची आहे." त्यानं रजिस्टरवर सही केली, सर्टिफिकेटला घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं. "बिडि सर, जाऊ द्या, झालं ते झालं. तुम्ही भल्यासाठीच सांगितलं होतं."

तो गेल्यावर मी बराच वेळ काही काम केलं नाही. रागही आला मला. उपकाराची जाण नाही आजकाल, असं सुप्रीताला म्हणायचं होतं, पण मी नुसतं धनुषच्या सहीचं रजिस्टर मिटवलं.

दुपारी दोनला खिडकी उघडली. पाच-सहा जण रांगेत होते, आणि त्यात वर्षिणी. आधी तिनं मागच्या दोघांना पुढं जाऊ दिलं. मग ती पुढं आली.

"सर, अर्ज परत घ्यायचा होता."

"कुणाचा?" मला वाटलं, मैत्रिणीचं काम घेऊन आली असेल.

"माझा. टीसीचा. सोमवारी दिलेला." तिनं एक कागद पुढं केला. 'माझा अर्ज मागे घेण्याची परवानगी द्यावी', दोन ओळी, सही, तारीख.

सुप्रीताची टायपिंगची टकटक थांबली.

मी खालचा खण उघडला. पाच पाकिटं होती. तिसरं तिचं. घरी किराण्याच्या यादीवर जे अक्षर बघतो तेच अक्षर. पालकाच्या जागी श्रीलक्ष्मीची कन्नडमधली सही होती. आत गावातल्या एका जुन्या आर्ट्स कॉलेजचं पत्र होतं. बीएला, इतिहास-भूगोल-अर्थशास्त्राला जागा दिली आहे, टीसी मूळ प्रतीत गुरुवारी साडेचारपर्यंत न आल्यास जागा रद्द. म्हणजे आज. आणि आमच्या फॉर्मवर 'सोडण्याचे कारण' म्हणून जी रेघ असते, जिथं आजवर प्रत्येकानं 'वैयक्तिक' लिहिलं, तिथं तिनं लिहिलं होतं, 'जमत नाही. दोन वर्षं प्रयत्न केला.'

मी ते दोनदा वाचलं.

"मी हा उघडलाच नव्हता," मी म्हणालो.

तिला ते खरं वाटलं नाही. "असू दे सर. मी ठरवलंय आता. इथंच करते."

"वर्षिणी, खरंच. मी कुणाचेच उघडत नाही. मला आत्ता कळतंय."

"पण काल आईनं विचारलं ना तुम्हाला? तुम्ही म्हणालात, सवय होते."

"मी माझ्या नोकरीचं बोलत होतो. माझ्या गुडघ्याचं. मला वाटलं, तुम्ही दोघी मला विचारताय."

आता तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या. ती काळी वर्तुळं घेऊन ती रोज माझ्यासमोर बसत होती.

"मग तुम्हाला झाली का?" तिनं विचारलं.

"काय?"

"सवय."

रांगेतली पोरं ऐकत होती. सुप्रीता ऐकत होती. माझ्या तोंडात भाषण तयार होतं, तीस वर्षांचं घोटलेलं, आणि ते आपोआप सुरू होणार असं वाटलं. काठ, हात सोडणं, स्वतःला काय म्हणशील. पण पोरीनं साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "तीस वर्षं झाली. अजून रोज सकाळी बसमध्ये चढताना परत घरी जावंसं वाटतं. काल जेवताना मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला फार कंटाळा आलाय, वर्षिणी. तो मला पंचविशीतच आला होता. तेव्हा कुणाला सांगायचं सुचलं नाही."

मी तिचे दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले, तो अर्ज आणि तो परत घेण्याचा अर्ज. "आत्ता सव्वादोन झालेत. टीसी काढायला चाळीस मिनिटं लागतात. तू सांगशील तसं."

"चाळीस मिनिटं?" ती म्हणाली. "मग तीन दिवस कशाला?"

मी खण बंद केला.

"बीएत तुला आवडतं का काही?" मी विचारलं.

"माहीत नाही अप्पा." नियम तिनं पहिल्यांदाच मोडला. "हे नको, एवढं माहीत आहे. रोज सकाळी उठून आपण ढ आहोत हे परत शिकायला यायचं, ते नको." मग तिनं दोन ओळींचा कागद उचलला आणि चुरगाळून मुठीत धरला. "काढा टीसी."

मी रांगेला म्हणालो, "आज अर्जंट काम आहे. बाकीच्यांनी उद्या या." खिडकी लावून घेतली, सवयीनं खणाला कुलूप घातलं आणि उठलो.

लायब्ररी, लॅब, अकाउंट्स, हॉस्टेल, कुणाचं काही देणं नाही म्हणून सगळ्यांच्या सह्या लागतात. पोरं त्यासाठी दोन-दोन दिवस फिरतात. मी गुडघा धरून तीन जिने चढलो-उतरलो. लायब्ररियननं न बोलता सही केली. प्रिन्सिपलनी कागद बघितला, मग मला बघितलं, आणि समोरची खुर्ची दाखवली.

"राव, बसा. कॉफी घ्या. स्वतःची मुलगी आहे. दोन-तीन दिवस जाऊ द्या की."

"नको सर," मी म्हणालो. "सही करा."

तीन वाजायच्या आत टीसी हातात होता. कॉलेजच्या फाटकावर रिक्षा मिळाली. वाटेत हत्तींच्या तालमीसाठी पोलिसांनी रस्ता अडवला होता, तेव्हा रिक्षावाल्यानं गल्ल्यांमधून काढली आणि प्रत्येक वळणावर मी घड्याळ बघितलं. चारला दहा कमी असताना आम्ही त्या आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्या चढलो. काउंटरवरच्या बाईंनी वर्षिणीचे पीयूसीचे मार्क बघितले आणि भुवया उंचावल्या. एवढे मार्क आणि बीए, असं त्या म्हणणार, मी ओळखलं. मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी नुसता शिक्का मारला. परत येताना रिक्षात वर्षिणी झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

घरी श्रीलक्ष्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला कळलंच नव्हतं? आम्ही तीन दिवस तुमच्या तोंडाकडं बघतोय." मग ती रडली आणि मग तिनं शेवयांची खीर केली. दोन वर्षं वाया गेली, हे खरंच होतं. नातेवाइकांना सांगायचं होतं, ते पुढं होतंच. पण त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो. वाटलं, चला, एक काम आयुष्यात वेळेवर केलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात शिरलो तर सुप्रीता माझी वाट बघत होती.

"सर, काल तुम्ही गेल्यावर आभा म्हणून एक मुलगी आली होती. काल दुपारी रांगेतही होती ती, वर्षिणीच्या मागं. तिचाही टीसीचा अर्ज आहे. खणाला कुलूप होतं. मी तुम्हाला चार वेळा फोन केला."

फोन माझ्या पिशवीत होता, आवाज बंद केलेला. मी खण उघडला. आभाचं पाकीट सगळ्यात खाली होतं. त्यात तेच पत्र होतं. तेच आर्ट्स कॉलेज, तोच शिक्का, बीएचीच जागा. गुरुवार, साडेचार.

मी उभ्याउभ्याच तिकडं फोन लावला. कालच्याच बाई होत्या. मी सांगितलं, एका विद्यार्थिनीचा टीसी आमच्याकडून राहिला, चूक पूर्णपणे ऑफिसची आहे, मी स्वतः तासाभरात घेऊन येतो.

"यादी काल संध्याकाळीच वर गेली, सर. जागाही पुढच्या नावाला दिली. आता पुढच्या वर्षी."

"आमचीच चूक झाली हो. एकदा प्रिन्सिपलना विचारून बघा."

"विचारून काही होणार नाही." त्यांनी मला ओळखलं असावं. "काल तुम्ही आलातच की वेळेवर."

मी फोन ठेवला. सुप्रीतानं मान खाली घातली होती.

सव्वादहाला आभा खिडकीशी आली. बारीक मुलगी, पाठीवर जड सॅक, हातात लॅबचा पांढरा कोट. मी तिला आत बोलावलं, बस म्हणालो. ती बसली नाही. मी तिला सगळं सांगितलं. अर्ज मी उघडला नव्हता, उघडायची माझी पद्धतच नव्हती, काल खणाला कुलूप लावून मी माझ्या मुलीचं काम करायला गेलो, आणि तिची जागा गेली. आता पुढच्या वर्षापर्यंत तिकडं काही होणार नाही, तोवर दुसरं एखादं कॉलेज मी स्वतः शोधतो, असंही म्हणालो. बोलता बोलता मला रडू आलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत पोरं रडली होती, मी नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"असू दे सर," ती म्हणाली. "घरीही नकोच म्हणत होते. एवढं झालंय तर पुरं कर म्हणत होते. तीन दिवस तुमच्याकडून काही आलं नाही, तेव्हा मलाही वाटलं, तुम्हालाही तसंच वाटत असेल." मग तिनं विचारलं, "अर्ज परत घ्यायचं कुठं लिहायचं?"

"घाई नको करू," मी म्हणालो. "एक-दोन दिवस विचार कर."

बोललो आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले. तिनं मान हलवली, टेबलावरचा कोरा कागद ओढला, वाकून दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून तिनं पांढरा कोट अंगात चढवला, कारण लॅब सुरू व्हायची वेळ झाली होती.

"थँक्यू सर," ती म्हणाली आणि गेली.